विकलेल्या वस्तूची किल्ली कोणाच्या हाती?

व्यापाराच्या नीतीची पहिली खूण म्हणजे तराजू. आपल्या पूर्वजांनी हे उपकरण मोठ्या विचाराने पत्करले असले पाहिजे. कारण त्याची दांडी, त्याची पारडी आणि त्याचा काटा ही सर्व विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सारखीच उघडी असतात. दोघांपैकी कोणासही शंका आली तर त्याने पारड्यांची अदलाबदल करून पाहावी, वजन उलटून त्यावरचा शिक्का पाहावा, किंवा शेजारच्या दुकानातले वजन मागवून ताळा घ्यावा. 'दांडी मारणे' आणि 'मापात पाप' हे शब्दप्रयोग आपल्या भाषेत रूढ झाले, ते लबाडी होत असे म्हणून हे खरेच. परंतु ती लबाडी पकडली जात असे, हेही त्यांवरून दिसते.

ज्या भूमीवर आपण पेढ्या मांडून बसलो आहोत, ती भूमी या पारखीसाठीच एके काळी जगभर नावाजली होती. हजीऱ्याच्या लगतच्या सुवालीच्या किनाऱ्यावर परदेशी गलबते नांगर टाकीत. १६१२ साली याच सुवालीसमोर इंग्रज आणि पोर्तुगीज आरमारांची लढाई झाली व पुढच्याच वर्षी सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली. त्या काळचा सुरतेचा सराफ नाण्यावर प्रत्यक्ष बादशहाची मुद्रा असली तरी ते तोलून, पारखून आणि योग्य तो बट्टा लावूनच पदरात घेई. मुद्रा कोणाची आहे याला मान होता. परंतु त्या मानापोटी पारख करण्याचा हक्क कोणी सोडून देत नसे. त्या हक्कावरच सुरतेची पत उभी होती.

आज आपल्या सभासदांपैकी अनेक जण दूरचित्रवाणी संच, मोबाईल, छपाईयंत्रे, धुलाईयंत्रे, इलेक्ट्रॉनिक काटे आणि कॅमेरे विकतात. जे विकत नाहीत त्यांच्याही घरी ही साधने आहेत. या वस्तूंच्या बाबतीत तो जुना पारखीचा हक्क उरला आहे काय, हा प्रश्न या वर्षीच्या अंकात सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. प्रश्न दिसतो यंत्रशास्त्राचा. वस्तुतः तो आपल्या धंद्याच्या नीतीचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती समजून घेऊ. या प्रत्येक साधनाच्या पोटात एक छोटा संगणक असतो आणि त्याने केव्हा काय करावे हे सांगणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, त्यात भरलेले असते. ही आज्ञावली माणूस ज्या रूपात लिहितो ते मूळ रूप जाणकाराला वाचता येते. यंत्रात भरताना तिचे जे रूपांतर होते, ते मात्र सहसा वाचण्याजोगे राहत नाही. मूळ रूप कारखानदाराने स्वतःपाशी ठेवले, ते पाहण्यास, बदलण्यास व दुसऱ्यास देण्यास मनाई केली, म्हणजे ते झाले बंदिस्त अथवा मालकीचे सॉफ्टवेअर. मूळ रूप खुले ठेवून वापरणाऱ्यास ते वाचण्याची, सुधारण्याची व वाटण्याची मुभा दिली, म्हणजे ते झाले मुक्त सॉफ्टवेअर. मुक्त म्हणजे फुकट असे नव्हे. ते विकताही येते. भेद किमतीचा नसून हक्काचा आहे.

आता आपल्याच दाराशी घडलेले उदाहरण घेऊ. घरोघर वीजमापक बदलण्याची योजना केंद्र सरकारने २०२१ साली हाती घेतली व देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या योजनेनुसार गुजरातेत आगाऊ पैसे भरण्याचे स्मार्ट मीटर बसू लागले, तेव्हा मे २०२४ मध्ये वडोदरा आणि सुरत येथे लोकांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. नवे मीटर जोरात पळते, आगाऊ भरलेले पैसे पाहता पाहता संपतात, अशी त्यांची तक्रार होती. अखेर लोकांची खात्री पटावी म्हणून नव्या मीटरच्या जोडीला जुन्या पद्धतीचे मीटर ताळा घेण्यासाठी लावण्याचे सरकारी वीज कंपन्यांनी ठरविले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांतही अशी दुरुस्ती केली होती, की मीटरच्या नोंदीबद्दल तक्रार आल्यास ५ दिवसांत दुसरे मीटर जोडावे आणि निदान ३ महिने त्यावर ताळा घ्यावा.

मीटर बरोबर होते की चूक, हा निवाडा आम्ही येथे करीत नाही. आम्हांस लक्षणीय वाटते ती लोकांची मागणी. त्यांनी कोणतेही यंत्रशास्त्र सांगितले नाही. आमच्यासमोर दुसरा काटा ठेवा आणि ताळा द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. नव्या मीटरमध्ये दांडी नाही, पारडी नाहीत. आत जी आज्ञावली हिशेब करते ती ग्राहकाला पाहता येत नाही. जेथे माप उघडे नाही, तेथे प्रामाणिक माणसावरही संशय येतो आणि त्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचा मार्ग राहत नाही. बंदिस्तपणाचे हे पहिले नुकसान आहे, आणि ते गिऱ्हाइकाइतकेच विकणाऱ्याचेही आहे.

संशय नेहमीच निराधार असतो असेही नाही. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि त्यापाठोपाठ महाराष्ट्रात ठाणे पोलिसांनी पेट्रोलपंपांवर छापे घातले, तेव्हा मापाच्या यंत्रात फेरफार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकत्या सापडल्या. पडद्यावर आकडा पुरा दिसे आणि टाकीत मात्र पेट्रोल कमी पडे. दांडी मारण्याची ही नवी तऱ्हा. फरक इतकाच की ती डोळ्यांना दिसत नव्हती.

याहून मोठे उदाहरण जर्मनीतील फोक्सवॅगन या मोटार कंपनीचे. तिच्या डिझेल मोटारींतील आज्ञावली अशी लिहिली होती की, आपली तपासणी चालू आहे हे ओळखताच मोटार धुराचे प्रमाण नियमात ठेवी आणि रस्त्यावर धावू लागताच ते सोडून देई. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत हे प्रकरण बाहेर आले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत ही आज्ञावली असल्याचे कंपनीस मान्य करावे लागले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनच्या चाचण्यांनंतर त्याच वर्षी डिसेंबरात भारतातीलही ३ लाख २३ हजार ७०० मोटारी परत बोलावून दुरुस्त करण्याचे जाहीर झाले. ही लबाडी उघडकीस आली ती मोटारीला मोजमापाची साधने बांधून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालविणाऱ्या अभ्यासकांमुळे. आज्ञावली वाचून ती पकडणे कोणालाच शक्य नव्हते, कारण ती वाचण्याची सोयच नव्हती. वजन तपासणाऱ्या निरीक्षकाला ओळखून आपोआप खरा होणारा आणि त्याची पाठ फिरताच खोटा होणारा तराजू पूर्वी कोणी कल्पिला तरी असता काय?

दुसरा विचार मालकीचा. आपल्या धंद्यात विक्री म्हणजे काय, याविषयी कधी वाद नव्हता. पैसे घेतले, माल दिला, पावती फाडली. तेथून पुढे वस्तू गिऱ्हाइकाची. तो ती वापरील, मोडील, विकील किंवा मुलीच्या संसाराला देईल. पेटी विकल्यावर तिची एक किल्ली गुपचूप आपल्या खिशात ठेवणाऱ्या दुकानदाराला बाजारात काय म्हणतील, हे आम्ही सांगावयास नको. परंतु इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंच्या बाबतीत ती दुसरी किल्ली कारखानदारापाशी राहते, आणि तिचा उपयोग कसा होतो याचे दाखले जगासमोर आहेत.

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावर लोकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेल यांची दोन पुस्तके दुरूनच पुसून टाकली. ती पुस्तके विकण्याचा अधिकार विक्रेत्याला नव्हता, हे कारण खरे होते. कंपनीने पैसे परत केले व पुढे माफीही मागितली. तथापि घरातल्या कपाटातून विकलेले पुस्तक रात्रीतून काढून नेता येते, हे त्या दिवशी प्रथम लोकांना कळले. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपी कंपनीच्या कित्येक छपाईयंत्रांनी इतर कंपन्यांच्या शाईच्या डब्या अकस्मात नाकारल्या; यंत्र तेच, डबी तीच, फक्त आतील आज्ञावली बदलली होती. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० साली या प्रकरणी त्या कंपनीस १ कोटी युरो दंड केला. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपल कंपनीने कबूल केले, की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून आज्ञावलीद्वारे त्यांचा वेग कमी केला जातो. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याचा फोन मंद झाला त्याला ते सांगितले नव्हते, आणि फ्रान्समध्ये २०२० साली २ कोटी ५० लाख युरोंचा दंड झाला तो न सांगितल्याबद्दलच. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हिझिओ या दूरचित्रवाणी संच बनविणाऱ्या कंपनीने अमेरिकेत २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटविले; तिच्या १ कोटी १० लाख संचांतून, घरातील माणसे काय पाहतात याची माहिती त्यांच्या नकळत गोळा होत होती.

आपल्याकडेही याहून निकटचा प्रकार आहे. हप्त्यांवर विकलेला फोन, हप्ता चुकताच दुरून कुलूपबंद करणारी आज्ञावली बाजारात आलेली आहे. हजीरा, मोरा, इच्छापोर या पट्ट्यातील कारखान्यांत काम करणारे खानदेशातील आणि अन्य प्रांतांतील कामगार बहुधा हप्त्यांवरच फोन घेतात. त्या फोनवरूनच त्यांना कामाचा निरोप येतो, त्यावरूनच गावी पैसे जातात, आजारपणात डॉक्टरला त्यावरूनच बोलावणे जाते. देणे बुडवावे असे कोणी म्हणणार नाही. पण ऋणकोच्या हातचे कमाईचे साधन न हिरावता वसुली करणे, ही जुन्या सावकारीतीलही मर्यादा होती. जप्तीच्या कायद्यानेही कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळली आहेत. ती मर्यादा आता एका बोटाच्या दाबाने ओलांडता येते, आणि दुकानाच्या पाटीवर नाव आपले असते.

याचा अर्थ बंदिस्त सॉफ्टवेअर म्हणजे सरसकट पाप, असा आमचा दावा नाही. कारखानदारांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. आज्ञावली लिहिण्यास बुद्धी, वर्षे आणि भांडवल लागते. तिची नक्कल मात्र क्षणात होते. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणकाच्या आज्ञावलीस साहित्यकृतीप्रमाणेच संरक्षण आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने तांत्रिक कुलपे फोडण्यासही शिक्षा ठेवली आहे. काही कुलपे ग्राहकाच्याच रक्षणासाठी असतात; चोरीला गेलेला फोन दुसऱ्यास निरुपयोगी ठरावा, यात कोणाचे अहित आहे?

शिवाय आपल्या सुरतेच्या हिरेबाजाराला यातील न्याय ठाऊक आहे. कच्च्या हिऱ्याच्या पोटातील दोषांचा नकाशा काढणारी इस्रायलच्या सरीन कंपनीची गॅलेक्सी यंत्रे येथे वापरात आहेत, आणि त्यांच्या वापरासाठी तपासणीगणिक आकार द्यावा लागतो. हा आकार महाग की स्वस्त, याविषयी मतभेद होतील. परंतु तो आधी सांगितलेला असतो आणि हिरेवाला तो धरूनच आपला भाव बांधतो. भाड्याला भाडे म्हटले की व्यवहार स्वच्छ राहतो. दोष उत्पन्न होतो तो भाड्याला विक्री म्हणण्यात. गिऱ्हाइकाने पूर्ण किंमत मोजून 'घेतली' असे समजावे आणि प्रत्यक्षात त्याला केवळ वापरण्याची, तीही दुसऱ्याच्या मर्जीने काढून घेता येईल अशी परवानगी मिळावी, हा पदार्थ बदलून देण्याचाच प्रकार नव्हे काय?

आपल्या परंपरेत तिसऱ्या अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमीजास्त मापे ठेवणे आणि अस्सलाऐवजी तत्सम नकली वस्तू देणे हे दोन्ही आहेत. ते गृहस्थासाठी, आणि विशेषतः व्यापाऱ्यासाठी सांगितलेले आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. त्याच यादीत चोरीचा माल स्वीकारणे हाही अतिचार आहे, आणि येथे आपल्याला आपल्या घराकडे पाहणे प्राप्त आहे. जमाखर्चाच्या प्रणालीची एक प्रत विकत घेऊन ती दहा संगणकांवर चढविणारी पेढी, किंवा संगणक विकताना 'वर हेही घाला' म्हणून विनापरवाना सॉफ्टवेअर भरून देणारा दुकानदार, कारखानदाराच्या कुलपाविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार? बंदिस्त वस्तूच्या अटी अन्यायाच्या वाटत असतील तर ती घेऊ नये, तिच्या जागी मुक्त वस्तू घ्यावी. ती चोरून घेणे हा त्यावर उपाय नव्हे.

मुक्त वस्तू खरोखर मिळते काय, असे कोणी विचारील. मिळते, आणि तिचा इतिहासही एका छपाईयंत्रापासूनच सुरू होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे रिचर्ड स्टॉलमन हे काम करीत असता तेथे झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. कागद अडकला की सर्वांना आपोआप सूचना जावी, एवढी सुधारणा त्यांना करावयाची होती. जुन्या यंत्रात त्यांनी ती केलीही होती. परंतु नव्या यंत्राची मूळ आज्ञावली त्यांना नाकारण्यात आली. हा अनुभव त्यांच्या मनात राहिला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी मुक्त आज्ञावलींचा नवा संच रचण्याचा संकल्प जाहीर केला. पुढे १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा लिहिला. आपण विकतो त्या अँड्रॉइड फोनांच्या तळाशी हाच गाभा आहे.

या मुक्त आज्ञावलीचा परवानाही व्यापाऱ्याला समजेल असाच आहे: तुम्ही ही घ्या, वापरा, विका, मात्र जिला विकाल तिला मूळ रूपही द्या, म्हणजे तुम्हांस जे मिळाले ते पुढच्यासही मिळेल. २००३ साली लिंकसिस कंपनीच्या घरगुती इंटरनेट यंत्रात अशी आज्ञावली वापरल्याचे जाणकारांनी दाखवून दिले, तेव्हा कंपनीने त्या परवान्यानुसार मूळ रूप प्रसिद्ध केले. त्यातून ओपन-डब्ल्यूआरटी ही प्रणाली उभी राहिली आणि कारखानदारांनी टाकून दिलेली कित्येक यंत्रे तिच्या आधारे पुढे वर्षानुवर्षे चालली. आपल्या केंद्र सरकारनेही २०१५ साली सरकारी कामांत खुल्या आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे.

येथे सुरतेच्याच इतिहासातील एक गोष्ट आठवते. सतराव्या शतकात इंग्रज कंपनीचे दलाल असलेले सुरतेचे भीमजी पारेख यांना आपल्या लिपीत ग्रंथ छापावेत अशी इच्छा झाली. त्यांच्या विनंतीवरून १६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक विलायतेहून मुंबईस आला, यंत्र आले, कागद आला. परंतु हिल्स याला छापणे येत होते, अक्षरांचे खिळे पाडणे येत नव्हते. त्यामुळे देशी लिपीचे काम अडून बसले. यंत्र विकत घेता येते, पण त्यामागची विद्या हाती आल्याखेरीज ते आपले होत नाही, हा धडा साडेतीनशे वर्षांचा जुना आहे. त्या वेळी विद्या ठाऊक नव्हती म्हणून अडले. आज ती यंत्राच्या पोटातच असून केवळ कुलपामुळे अडते.

या कुलपाची झळ सर्वांत आधी लागते ती दुरुस्ती करणाऱ्याला. बाजारातील छोट्या टेबलावर भिंग आणि तापता डाग घेऊन बसलेला कारागीर हा आपल्या धंद्याचा अर्धा भाग आहे. त्याच्यामुळेच वस्तू दहा वर्षे टिकते आणि गरिबाच्या घरी पोचते. सुटा भाग खरा असूनही यंत्र त्याला ओळखत नाही, दोष शोधण्याची आज्ञावली केवळ कंपनीच्या केंद्रातच मिळते, अशी त्याची अडचण आहे. मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्येच १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना न दिल्याबद्दल. त्यावर अपिले झाली; तथापि तत्त्व मांडले गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला, आणि जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोनांना निदान ५ वर्षे आज्ञावलीच्या सुधारणा व ७ वर्षे सुटे भाग पुरविणे आवश्यक केले. तेथील ग्राहकाला जे मिळते ते येथील ग्राहकाने मागितले तर तो अतिरेक होणार नाही.

मग आपण काय करावे? केवळ तक्रार करून स्वस्थ बसणे व्यापाऱ्याला शोभत नाही. आमच्या मते पुढील गोष्टी प्रत्येक सभासदास आपल्या पायरीवर करता येतील.

विक्रीपूर्वी गिऱ्हाइकास स्पष्ट सांगावे: ही वस्तू इंटरनेटशिवाय चालेल की नाही, खाते उघडावे लागेल की नाही, सुधारणा किती वर्षे मिळतील, दुसऱ्या कंपनीची शाई अथवा बॅटरी चालेल की नाही, ती घरची माहिती बाहेर पाठविते काय. शक्य तर हे पावतीमागे छापावे. जे ठाऊक नसेल ते ठाऊक नाही म्हणून सांगावे आणि घाऊक विक्रेत्याला विचारावे.

हप्त्यांवर विकलेल्या वस्तूस दुरून लावावयाचे कुलूप असेल तर ते गिऱ्हाइकाच्या भाषेत समजावून, त्याची लेखी संमती घेऊनच विक्री करावी. आणि कुलूप पडले तरी संकटकाळचा दूरध्वनी चालू राहील असेच साधन ठेवावे.

विनापरवाना सॉफ्टवेअर स्वतः वापरू नये व भरून देऊ नये. पेढीवरील पत्रव्यवहार, हिशेब, याद्या यांसाठी मुक्त आज्ञावली पुरेशा आहेत. मराठी टंकलेखनही त्यांत उत्तम होते.

वार्षिक मागणी नोंदविताना दुरुस्तीची पुस्तिका, सुटे भाग आणि दोष शोधण्याचे साधन स्वतंत्र कारागिराला देणाऱ्या कंपनीस झुकते माप द्यावे, आणि आपण तसे का करतो हे इतर कंपन्यांस पत्राने कळवावे.

शेवटी, ज्यांच्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे त्यांनी शिक्का मारलेली प्रमाणित वजने त्याच्या शेजारीच मांडून ठेवावीत आणि कोणीही गिऱ्हाईक ती काट्यावर ठेवून पाहू शकेल, अशी पाटी लावावी. जे आपण कारखानदाराकडून मागतो ते प्रथम आपण गिऱ्हाइकाला दिलेले बरे.

एवढ्याशा दुकानदारांच्या म्हणण्याने जगड्व्याळ कंपन्या हलतील काय, अशी शंका कित्येकांच्या मनात येईल. १६६९ साली एका अधिकाऱ्याच्या जाचास कंटाळून सुरतेचे हजारो वाणी भरूचकडे निघून गेले होते. त्यांनी शस्त्र उचलले नाही. फक्त बाजार थांबला, आणि बादशाही दरबाराकडून आश्वासन मिळाल्यावरच ते परतले. आज कोणी गाव सोडण्याची आवश्यकता नाही. कारखानदार गिऱ्हाइकाला ओळखत नाही; गिऱ्हाईक ओळखते ते आपल्याला. वस्तू बिघडली, फसवणूक झाली, घरातली गोष्ट बाहेर गेली, तर ते दूरदेशीच्या कार्यालयाकडे जात नाही, आपल्या पायरीवर येऊन उभे राहते. दोषात आपले नाव गोवले जाते, तर शब्दालाही आपल्या वजन असलेच पाहिजे. शेकडो पेढ्यांनी एकच प्रश्न एकाच वर्षी विचारला, तर त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

जी वस्तू आपण विकतो ती विकलेली असावी, जी भाड्याने देतो ती भाड्याची म्हणून सांगितलेली असावी, आणि मापाचे प्रत्येक साधन ताळा घेण्यास मोकळे असावे, एवढीच ही मागणी आहे. येत्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत संघाने या विषयावर ठराव मांडावा आणि सभासदांनी तत्पूर्वी आपापल्या दुकानातील वस्तूंची अशी यादी करून आणावी, अशी आमची नम्र सूचना आहे. यादी करताना जेथे उत्तर सापडणार नाही, तेथूनच आपल्या कामाला प्रारंभ करावा लागेल.